राष्ट्रीय दृश्य क्रमांक दोनशे बारा

चावीभाऊजींनी देशाचा झरा चोरला आणि पिशवीत घालून घरी नेला, अशी बातमी सध्या आमच्या चढावर आहे. खालच्या न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत पिशवीची गोणी झाली होती आणि बाजारात पोचेपर्यंत गोणीतून पाणीही ठिबकायला लागलं होतं. शिंपीणबाईंनी तर ते ठिबकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. शिंपीणबाईंना सुईत दोरा ओवायला दुसरं कुणीतरी लागतं, पण ते असो.

खरं काय ते सांगते. पिशवी होती. ती मीच पाहिली, आणि पाहिल्याचं दोघी-तिघींच्या कानावर घातलं, एवढाच माझा अपराध. पण पिशवीत झरा नव्हता. सडून तुकडे झालेली एक रबरी रिंग होती, मुठीएवढं गंजकं लोखंड होतं आणि जेवणाचा रिकामा डबा. झरा चोरायला आधी झरा असावा लागतो. होती ती गळती, आणि ती भाऊजींची स्वतःचीच होती.

भाऊजी पाणीखात्यात चावीवाले. त्यांची चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. छातीएवढ्या उंचीची लोखंडी कांब, वर आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उघडायचं, चावी आत खालच्या चौकोनी टोकावर बसवायची आणि बावीस फेरे मारायचे, की अख्ख्या वस्तीला पाणी. सकाळी सहाला बावीस फेरे उजवीकडून डावीकडे, नऊला बावीस फेरे डावीकडून उजवीकडे. हे त्यांनी इतकी वर्षं केलं, की घरात वरणाचं पातेलं ढवळायला सांगितलं तरी ते बावीसला थांबतात.

आता गंमत बघा. गावाला पाणी पाजणाऱ्या या माणसाचं घर चढावरचं शेवटचं. त्यांच्या आधीचं आमचं. आणि आम्हा दोन घरांच्या नळाला पाणी येतं ते दोऱ्याएवढं. एक बादली भरायला पाऊण तास. वहिनी, म्हणजे भाऊजींची बायको, रोज पहाटे बादली लावते, नळ पूर्ण उघडा टाकते आणि भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू होते.

"अहो पाणीखाते, आज तरी धार येणार का, की नळ पुन्हा सूतकताई करणार?"

"गळती आहे गं मोडीवर. माझ्या हातात आहे का?"

"चावी कुणाच्या हातात आहे मग? माझ्या?"

दोऱ्याचं कारण ती गळतीच. चढाच्या मोडीवर, रस्त्याला आधार द्यायला बांधलेल्या दगडी भिंतीमागे मोठ्या नळाचा एक सांधा फुटलेला. पाणी दगडांच्या फटींतून बाहेर यायचं आणि वर चढायचं सोडून भिंतीवरून खाली नाचत जायचं. भाऊजी नोकरीला लागले त्याच्याही आधीपासून. दुरुस्तीला हवी होती एक लोखंडी कॉलर, म्हणजे फुटल्या सांध्याभोवती आवळून बसवायचा पट्टा. ती मागवण्यासाठी त्यांनी एकोणीस वर्षांत एकोणीस अर्ज केले. दर वर्षी एक, वाढदिवस असल्यासारखा. कचेरीच्या भाषेत गळतीला गळती म्हणायची पद्धत नाही, 'सदर ठिकाण' म्हणतात. म्हणून प्रत्येक अर्ज सदर ठिकाणापासून सुरू व्हायचा आणि एकाच ओळीवर संपायचा: 'वरिष्ठांनी एकदा तरी स्वतः येऊन पाहावे, ही नम्र विनंती.' कुणी आलं नाही. उत्तरही आलं नाही.

आणि मग राजधानीला पर्यटन सुचलं.

पर्यटनमंत्र्यांनी जाहीर केलं, की पाच वर्षांत देशात येणारे पाहुणे दुप्पट करायचे. जुनी दृश्यं पाहुण्यांनी पाहून झाली होती, म्हणून नवी हवी होती. योजनेचं नाव 'दर गावी एक दृश्य'. प्रत्येक नगरपालिकेनं महिन्याच्या आत एक दृश्य कळवायचं, न कळवल्यास दृश्य का नाही याचा लेखी खुलासा करायचा. आमच्या गावात दृश्य म्हणावं असं काही नाही. बस थांबते ती इंजिन तापलं म्हणून. पण खुलासा लिहिण्यापेक्षा दृश्य शोधणं सोपं, असं नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांना वाटलं.

अर्ज तीन पानी होता. पहिलं पान पर्यटन योजनेच्या माहितीचं, ते कारकुनानं दप्तरी ठेवलं. दुसऱ्या पानावर वरच 'पाण्याचा प्रवाह असल्यास' असं लिहिलेलं. पाणी दिसल्याबरोबर कारकुनानं उरलेली दोन्ही पानं पाणीखात्याकडे ढकलली, आणि पाणीखात्यानं मोडीवरच्या पाण्याचा जो माणूस त्याच्याकडे. भाऊजींनी पान हातात घेतलं आणि दोनदा वाचलं. एकोणीस अर्जांचं उत्तर आलं होतं! खुद्द राजधानी विचारत होती, की बाबा, तुझ्या पाण्याचं काय ते सविस्तर सांग.

त्या संध्याकाळी त्यांनी ओट्यावर बसून अर्ज भरला. मी भाजी निवडत समोरच होते, म्हणून मला तोंडपाठ आहे.

प्रवाह केव्हापासून आहे? 'सदर ठिकाणी माझ्या नोकरीच्या आधीपासून. नक्की कोणालाच ठाऊक नाही.' कोणत्या ऋतूत पाहता येतो? 'सदर ठिकाणी बारा महिने. भर उन्हाळ्यातही खंड नाही.' परिसराचं वर्णन? 'सदर ठिकाणच्या भिंतीवर हिरवंगार शेवाळ. खाली डबकं. पक्षी येतात, डास येतात.' स्थानिक लोकांच्या भावना? 'अत्यंत तीव्र.' देखभाल कोण करतं? 'मी एकटा.' आणखी काही सांगायचं आहे का? तिथे त्यांनी पेन झटकलं, मान तिरकी केली आणि विसाव्यांदा लिहिलं: 'वरिष्ठांनी एकदा तरी स्वतः येऊन पाहावे, ही नम्र विनंती.'

राजधानीनं फक्त डास खोडले. बाकी सगळं जसंच्या तसं मंजूर.

चार महिन्यांनी मोडीवर एक गाडी थांबली. त्यातून पर्यटनखात्याचे अधिकारी उतरले, दात दाखवतच. नंतर कळलं, की पाहुण्यांशी आणि स्थानिकांशी हसून बोलावं असा त्यांच्या खात्याचा लेखी आदेश आहे. त्यामुळे ते वाईट बातमीसुद्धा हसून द्यायचे. आम्ही त्यांचं नाव हसरे साहेब ठेवलं. त्यांच्याबरोबर एक उडता कॅमेरा होता, मोजपट्टी होती आणि पाटी होती: 'राष्ट्रीय दृश्य क्रमांक २१२. बारमाही झरा.'

भाऊजी धावतच गेले, चावी खांद्यावर घेऊन.

"साहेब, आलात! एकोणीस वर्षं वाट बघतोय. हे बघा, सांधा इथे आहे. कॉलर आणलीत का?"

"कसली कॉलर?" हसरे साहेब हसून म्हणाले.

"गळतीला."

"कुठे आहे गळती?"

"ही काय! तुम्ही पाटी लावताय तीच!"

साहेबांनी कागद काढला. "हा राष्ट्रीय नोंदीतला झरा आहे. प्राचीन, बारमाही. सही तुमचीच ना?"

"सही माझी, पण मी गळतीबद्दल लिहिलं होतं."

"गळती हा शब्द दाखवा मला यात."

भाऊजींनी दोन्ही पानं उलटसुलट केली. सदर ठिकाण तीन वेळा होतं. गळती नव्हती.

"साहेब, मी नऊ वाजता चावी फिरवली की हा झरा बंद होतो हो!"

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून साहेबांनी वहीत लिहून घेतलं, "दर्शनाची वेळ, सकाळी सहा ते नऊ."

पुढच्या महिन्यात राजधानीचं रंगीत पत्रक आलं. 'जगातला बहुधा एकमेव झरा, जो घड्याळ पाळतो.' खाली फोटो. फोटोत मागे आमच्या दोरीवर वाळणारी चादरही आली होती, ती मी कितीतरी जणांना दाखवली. पण पाहुणे उशिरा उठतात, असं खात्याच्या पाहणीत निघालं, म्हणून निसर्गाला नवं वेळापत्रक देण्यात आलं: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. भाऊजींना लेखी हुकूम आला, की दर्शनाच्या वेळेत चावी फिरवू नये. खालच्या घरांची चंगळ झाली. दिवसभर धो धो पाणी. न्हाव्यानं दुकानासमोरचा रस्ता रोज धुवायला काढला. टाकी दुपारीच तळ गाठायची आणि मग तिच्यात टँकरनं पाणी आणून ओतायचे, म्हणजे झरा टँकरवर चालायला लागला.

आमचं काय? वहिनीनं ते एका वाक्यात सांगितलं. "आधी तीन तास दोरा यायचा, आता बारा तास येतो. विणू का स्वेटर?"

मी खोटं कशाला बोलू, पर्यटनाचा मला थोडा फायदा झाला. 'घरगुती मुक्काम' योजनेत मी आमची मागची खोली लिहून दिली. खोलीची तपासणी झाली आणि दोन तारे मिळाले. तिसरा तारा गरम पाण्यासाठी होता. मी म्हणाले, "साहेब, आधी पाणी द्या, गरम मी करते." ते हसले, पण ते काय, सगळ्यालाच हसायचे.

मग तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय: पाहुण्याशी कसं वागावं. न्हावी, शिंपीण, मी, वहिनी आणि भाऊजी शाळेच्या बाकांवर बसलो, गुडघे छातीला लावून. भाऊजींना आता पद मिळालं होतं, 'झरापाल'. खात्यानं त्यांना हिरवी टोपी आणि बिल्ला दिला होता. टोपी एक माप मोठी होती, ती कानांवर टेकलेली असायची.

हसरे साहेब पाहुणा झाले. "झरापाल, हा झरा किती जुना आहे?"

"बिडाचा नळ आहे. घातल्याचं साल दप्तरात बघावं लागेल."

"अं हं. म्हणा, फार जुना आहे."

"फार जुना आहे. म्हणून तर फुटला."

"दुसरं वाक्य नको. हे पाणी येतं कुठून?"

"टाकीतून."

"म्हणा, डोंगरातून."

"टाकी डोंगरावरच आहे, त्यामुळे चालेल," असं म्हणून भाऊजींनी तेवढं मान्य केलं. खोटं बोलायचं नाही, असं त्यांचं तत्त्व. पाहुण्यांना ते टाकी हा शब्द गाळून सगळं खरं सांगायचे आणि पाहुणे भारावून जायचे. एक बाई तर दूर देशातून आल्या होत्या. त्यांनी झऱ्याचं पाणी बाटलीत भरलं आणि भाऊजींना विचारलं, याचा गुण काय? भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "हे पाणी आमच्या घरी कधीच येत नाही." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

वरवर सगळं हसण्यावारी जात होतं, पण भाऊजींचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. आणि नवी व्यवस्था अशी ठरली होती, की ते गेले की चावीवाल्याची जागाच रद्द. चावी पर्यटनखात्याकडे जाणार, त्या खात्याचा नवा झरापाल येणार, आणि तो झरा कधीच बंद करणार नाही. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आमच्या दोन घरांचा दोरा जन्माचा.

"मला दुसरं काही नको हो," एकदा ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले. "लोक निवृत्तीला घड्याळ मागतात. मला एक कॉलर द्या. गळती ठेवून घरी बसलो, तर ही मला रोज सकाळी सहाला त्या नळासमोर उभं करील."

"नऊपर्यंत," आतून वहिनी म्हणाली.

आणि काय सांगू, निवृत्तीच्या पंधरा दिवस आधी कॉलर आली! लाकडी खोक्यात, भुशात गुंडाळून. पहिल्या अर्जावर मंजूर झालेली, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीची. ती इतकी वर्षं कुठे फिरत होती देव जाणे, पण आली. तिच्यासोबत मोठ्या साहेबांचं पत्र: 'सदर ठिकाणची दुरुस्ती पंधरा दिवसांत करावी, अन्यथा कारवाई.' त्याच दिवशी, त्याच मोठ्या साहेबांच्या सहीचं दुसरं पत्र: 'सदर ठिकाणच्या प्रवाहाला कोणीही हात लावू नये, अन्यथा कारवाई.' दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. सह्या हुबेहूब. भाऊजी दोन्ही घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी दोन्ही वाचली, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत. जपून करा."

दुरुस्तीला चार तास नळ कोरडा हवा, आणि दिवसा चावी फिरवायची बंदी. संध्याकाळी सहानंतर मोडीवर रंगीत दिव्यांचा कार्यक्रम आणि पहारेकरी. भाऊजी रोज खोकं उघडायचे, कॉलर पुसायचे, पुन्हा भुशात झोपवायचे. वहिनी म्हणायची, लग्नाचा शालूसुद्धा एवढा जपला नाही त्यांनी.

शेवटी मदत केली ती पर्यटनखात्यानंच.

खुद्द पर्यटनमंत्री झरा पाहायला येणार, असं ठरलं. दिवस कोणता, तर महिन्याचा शेवटचा, म्हणजे भाऊजींच्या नोकरीचाही शेवटचाच. हसऱ्या साहेबांनी आदल्या दिवशी हुकूम काढला: सुशोभीकरणासाठी दृश्य एक दिवस बंद. मोडीवर चारी बाजूंनी उंच हिरवे पडदे लागले. शेवाळ खरवडून काढलं गेलं, कारण फोटोत ते घाण दिसायचं. दगड धुतले आणि त्यांना दगडी रंग दिला. रंग ओला, म्हणून पाणी थांबवायला हवं.

"झरापाल," हसरे साहेब म्हणाले, "आजचा दिवस झरा पूर्ण बंद ठेवा. आणि भिंतीमागे जे काही ढिलं असेल, ते घट्ट करून घ्या. मंत्र्यांसमोर काही हलता कामा नये."

"लेखी द्याल?" भाऊजींनी विचारलं.

साहेबांनी हसून लेखी दिलं.

आयुष्यभर या माणसानं उन्हात, चिखलात, गाड्या चुकवत काम केलं. त्या दिवशी त्याला सावली होती, पडदा होता, बसायला राष्ट्रीय बोधचिन्ह रंगवलेला बाक होता आणि बाहेर पहारेकरी उभा होता, कामात व्यत्यय येऊ नये म्हणून. सकाळीच बावीस फेरे उलटे पडले आणि झरा बंद झाला. भाऊजी भिंतीमागच्या चेंबरात उतरले. दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर ते आत पालथे पडून पान्हा फिरवत होते. टोपी बाहेर बाकावर ठेवलेली. मला म्हणाले, "एक बोल्ट राहिलाय. बोलू नका, मी मोजतोय." संध्याकाळी ते पिशवी घेऊन घरी परतले. तीच ती पिशवी.

दुसऱ्या दिवशी अकराला मंत्री आले. मागे चाळीस गाड्या, त्यातल्या निम्म्या पाहुणे म्हणून मोजल्या गेल्या. फीत कापली. भाषण झालं: निसर्गानं दिलं, सरकारनं जपलं. पडदा सरकला. ताज्या दगडी रंगात भिंत नव्या सुटासारखी चकाकत होती. हसऱ्या साहेबांनी हात उंच केला. "झरापाल, झरा!"

भाऊजी टोपी सारखी करून पुढे आले. चावी बसवली. सगळ्यांच्या साक्षीनं एकेक फेरा मारला. मी मनात मोजत होते. वीस, एकवीस, बावीस. नळ भरल्याची घरघर जमिनीखालून गेली, पायांना कळली.

भिंत कोरडी ठणठणीत.

मंत्र्यांनी भिंतीकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी मंत्र्यांकडे पाहिलं. सगळे कॅमेरे टक लावून भिंतीच्या रंगाचं चित्रण करत होते. हसरे साहेब पहिल्यांदाच न हसता म्हणाले, "निसर्ग आज जरा विश्रांती घेतोय."

आणि तेवढ्यात चढाच्या टोकावरून वहिनीचा आवाज आला. असा आवाज, की चाळीस ड्रायव्हर गाड्यांतून खाली उतरले.

"अहो! पाणी आलं! अहो, धार आली! बादली उडाली!"

तिनं सवयीनं नळ पूर्ण उघडा टाकला होता ना! पाणी असं आलं, की बादली आडवी झाली, मोरी भरली, स्वयंपाकघर भरलं आणि उंबरा ओलांडून पायऱ्यांवरून खळाळत थेट मंत्र्यांच्या बुटांपर्यंत आलं. आमच्या मागच्या खोलीतला पाहुणा दाढी करत होता. तो नखशिखांत भिजून, अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आला आणि विचारायला लागला, की पत्रकातला झरा हाच का? मंत्री मागे सरकत म्हणाले, "वा, वा." छायाचित्र छान आलं. जमलेल्यात फक्त भाऊजी तिकडे बघत नव्हते. ते खाली वाकून भिंतीच्या फटीत बोट घालून बघत होते. बोट कोरडं निघालं, तसं त्यांनी ते पुन्हा एकदा घातलं.

चौकशी झालीच. तीन जणांची समिती. तिला पेच असा पडला, की झरा नैसर्गिक मानला तर माणसाला तो बंद करता येत नाही, म्हणजे भाऊजी निर्दोष. नळ मानला तर गळती बुजवणं हे त्यांचं कामच, म्हणजे भाऊजी निर्दोष, आणि वर खात्यानं देशभर गळतीची जाहिरात केली असं होतं. समितीनं आठवडाभर विचार केला आणि निसर्गाला जबाबदार धरलं.

पण दृश्याचा क्रमांक काही रद्द होईना. नोंद एकदा झाली की झाली. पत्रकं छापलेली, पाट्या रोवलेल्या, पाहुण्यांच्या गाड्या निघालेल्या. लोक येतात, कोरड्या भिंतीसमोर उभे राहतात, फोटो काढतात आणि विचारतात, झरा कुठाय? म्हणून परवा हसरे साहेब भाऊजींच्या दारात आले. भाऊजी ओट्यावर बसलेले, पाय पाण्याच्या बादलीत. बादली काठोकाठ. भिंतीपलीकडे मी, भाजी निवडत.

"तुम्ही आता मोकळे आहात," साहेब म्हणाले. "मोडीवर उभे राहा आणि पाहुण्यांना झऱ्याच्या आठवणी सांगा. खातं टोपी परत देईल."

"टोपी नको."

"पण लोक एवढ्या लांबून येतात हो! काही दिसत नाही म्हणून निराश होतात. आम्ही त्यांना काय दाखवायचं, तुम्हीच सांगा."

भाऊजींनी एक पाय बादलीतून काढला, पुसला, आणि म्हणाले, "पाणीच बघायचंय ना त्यांना? मग सकाळी सहा ते नऊ आमच्या मोरीत पाठवा. एकेकाला. हिला अंघोळ करायची असते."